किरकोळ

माझ्या मित्राला आमच्या शाखेत सगळे 'वेळापत्रक' म्हणतात. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आहे; पण पगारपत्रक पाहताना लोकांचं लक्ष डावीकडच्या नावापेक्षा उजवीकडच्या आकड्याकडे असतं, त्यामुळं ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. हा गृहस्थ सकाळी दात घासायला घेतो तो घड्याळ पाहून आणि थांबतो तोही घड्याळ पाहून. मध्ये दात स्वच्छ झाले की नाही, हा प्रश्न त्याच्या मते दंतवैद्याच्या अखत्यारीतला. बावीस वर्षं आमचे काउंटर शेजारी शेजारी आहेत. तो रोकड घेतो, मी पासबुकं भरतो, आणि दोघं मिळून मॅनेजरला नावं ठेवतो. कामाची ही वाटणी आजवर कधी बदलली नव्हती.

तर हे वेळापत्रक जानेवारीत एक दिवस अचानक म्हणालं, "दुसऱ्या शनिवारी हरिहरेश्वरला जाऊ. तू आणि मी. माझी गाडी. समुद्राकाठच्या रस्त्यानं."

मला आश्चर्य वाटलं. कारण सहकुटुंब सहलीचा खर्च चार माणसांत विभागला जातो आणि दोघांच्या सहलीचा दोघांत, हे गणित त्याला माझ्याआधी कळतं. पण मी काही विचारलं नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "जा. दोन दिवस घर आवरून होईल." नवऱ्याच्या अनुपस्थितीचे असे फायदे बायकांना चटकन सुचतात.

१० फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी सातला आम्ही डोंबिवली सोडली. गाडीत बसताक्षणी त्यानं माझ्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. '१०.०० अलिबाग. १०.०० ते १०.२० नाश्ता (मिसळ; पाव दोनच). १०.३० ते ११.४५ कुलाबा किल्ला (ओहोटी). १.१५ मुरूड, जेवण. २.३० आगरदांडा ते दिघी, फेरीबोट. ४.३० हरिहरेश्वर.' त्याखाली एक ओळ होती, '५.१५ ते ५.३० किरकोळ.' आणि तिथं कागद दुमडलेला होता. दुमडलेल्या भागावर त्यानं टाचणी मारली होती. "तो भाग नंतरचा आहे," तो म्हणाला.

"हे किरकोळ काय आहे?"

"किरकोळ म्हणजे किरकोळ. तू बँकेत आहेस ना?"

बँकेत किरकोळ म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्या रकमेला कुठं टाकावं ते कळत नाही, ती किरकोळमध्ये टाकतात आणि ऑडिटर येईपर्यंत देवाचं नाव घेतात.

वडखळपर्यंत काय झालं ते सांगत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि त्या रस्त्यावर माणसाला कसले कसले अनुभव येतात, हे महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. अलिबागेत पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. वेळापत्रकानं मिसळीतला दुसरा पाव कापला, आणि आम्ही किनाऱ्याकडं निघालो.

निघालो, आणि चुकलो. चुकून ज्या गल्लीत शिरलो तिचं नाव इस्राएल आळी. अलिबागेत इस्राएल कुठून आलं, असं मी म्हणतो आहे तोच समोर सिनेगॉग उभं. मागेन अबोथ त्याचं नाव. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज फार फार वर्षांपूर्वी इथं जवळच नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढं ते इथलेच झाले, मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, गावांच्या नावावरून पेणकर, नवगावकर, रेवदंडकर झाले. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मला या लोकांबद्दल एकदम आदर वाटला. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला तो २०१५ साली, तोही कितीतरी वाटाघाटी करून. या लोकांनी गलबत फुटलेल्या अवस्थेत सगळे शनिवार पदरात पाडून घेतले होते आणि शतकानुशतकं सोडले नव्हते.

"चल, सहा मिनिटं गेली," वेळापत्रक म्हणालं.

किनाऱ्यावर आलो तर समोर किल्ला होता आणि किल्ल्याच्या व आमच्यामध्ये भरपूर समुद्र होता. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथं होतं. त्या आरमाराच्या धाकानं मी मी म्हणणाऱ्या फिरंग्यांना घाम फुटत असे. आम्हाला तो नुसत्या पाण्यानं फुटला. वेळापत्रकानं घड्याळ पाहिलं, समुद्र पाहिला आणि चूक समुद्राची आहे अशा चेहऱ्यानं उभा राहिला.

जवळच एक म्हातारे कोळीबाबा जाळं विणत बसले होते. वेळापत्रक त्यांना म्हणाला, "बाबा, आता ओहोटी असायला पाहिजे."

"कुनी सांगितलं?"

"हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती. मग आता साडेतीन तास पाणी उतरलेलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं. "हिशेब बराबर हाय. दहा काय?"

"आज दहा ना?"

"ती तारीख झाली, साहेब. तिथी पाडवा हाय. काल आवस नव्हती का? एकाची पाऊणपट कर."

एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता भरती. म्हणजे आम्ही भर भरतीच्या तोंडावर, अगदी वेळेवर, चालत जायला आलो होतो. बावीस वर्षांत रोकड घेताना ज्याचा एक रुपया चुकला नाही, त्याचा अख्खा समुद्र चुकला, हे पाहून मला जे समाधान झालं ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, असं मला वाटतं. तो म्हणतो, दिसलं.

किल्ला गेला म्हणजे तास-पाऊण तास जमेला राहिला. तो घेऊन आम्ही किनाऱ्यानं चालू लागलो आणि चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणाशी आलो. ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप करणारी सुई तिथं सुखात हलत होती. पण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, आणि विजेच्या शेजारी त्या सुईचं डोकं फिरणार हे उघड होतं. तेव्हा १९०४ साली वेधशाळा अलिबागला हलवली. इमारत लोखंड न वापरता बांधली, कारण एक खिळासुद्धा सुईला चकवू शकतो. आणि व्यवस्था तर अशी, की १९०४ ते १९०६ दोन वर्षं कुलाब्यात आणि अलिबागेत दोन्हीकडं एकदमच मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशी मेळ बसावा.

मला तर या सुईचं कौतुकच वाटलं. मी म्हटलं, "बघ, बदली असावी तर अशी. दोन वर्षं चार्ज देणं-घेणं! आणि सुईनं युनियनकडं धाव घेतली नाही, म्हातारी आई आजारी असल्याचं सर्टिफिकेट जोडलं नाही, काही नाही."

यावर वेळापत्रकानं हसायला पाहिजे होतं. बदली हा आमच्या मैत्रीचा पायाच आहे. कारकुनानं परीक्षा दिली की अधिकारी होतो, आणि अधिकारी झाला की बदली होते; म्हणून परीक्षाच द्यायची नाही, अशी शपथ आम्ही दोघांनी पहिल्या वर्षी, शाखेसमोरच्या गाडीवर, वडापाव हातात घेऊन घेतली होती. त्यानंतर किती पोरंटोरं आमच्या डोक्यावरून अधिकारी होऊन गेली! आम्ही त्यांच्या निरोपसमारंभांना भाषणं केली आणि शेजारी शेजारी बसून समोसे खाल्ले. पण तो हसला नाही. म्हणाला, "सुईला काय विचारतात?" आणि गाडीकडं चालू लागला.

अक्षी आलं, नागाव आलं, चौल आलं. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये अरुंद रस्ता, आणि नारळी-पोफळींतून असं काही ऊन खाली येतं की डोंबिवलीत राहणं हा एक गैरसमज आहे, असं माणसाला वाटू लागतं. रेवदंड्यात शिरता शिरता टायर पंक्चर झाला. स्टेपनी काढली. तीही बसलेली होती. 'स्टेपनी तपासणे' ही ओळ कागदावर आदल्या रात्री ९.१० ची होती आणि तिच्यापुढं बरोबरची खूणही होती. म्हणजे तपासली होती, फक्त हवा आहे का ते पाहिलं नव्हतं.

पंक्चरवाला जेवायला गेला होता. तो येईपर्यंत रस्त्यात उभं राहून काय करायचं, म्हणून आम्ही गावात हिंडलो. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आता पडून गेला आहे. आत घरं, वाड्या आणि मध्येच एखादी भिंत. तिथल्या एका शाळेच्या आवारात एक स्मारक दिसलं. जवळ गेलो तर अफनासी निकितीन! २००२ साली उभारलेलं. त्वेर गावचा हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमाराला चौलच्या बंदरात उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. नर्गिसचा 'परदेसी' नावाचा १९५७ चा सिनेमा याच्यावरच. आणि हा काय घेऊन उतरला होता? एक घोडा. कुणीतरी सांगितलं होतं, हिंदुस्थानात घोड्याला भाव आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवून तो एकच घोडा घेऊन समुद्र ओलांडून आला. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला; म्हणाला, धर्म बदल, तर देतो. कुणा भल्या खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. शेवटी तो बिदरकडं विकला. मी हे सगळं पुढं वाचून काढलं. तेव्हा मात्र आवारातल्या एका गुरुजींनी जेवढं सांगितलं तेवढंच.

कर्जखात्याच्या दृष्टीनं पाहिलं तर हा प्रस्ताव कुठल्याही बँकेनं फेटाळला असता. तारण एक घोडा, बाजाराची माहिती ऐकीव, परतफेडीची मुदत अनिश्चित.

"मग घरी पोचला का तो?" वेळापत्रकानं विचारलं.

गुरुजी म्हणाले, "नाही. पार रशियात परतला, पण आपल्या गावी पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या बाजूला वारला. वही तेवढी पोचली."

वेळापत्रक बराच वेळ त्या स्मारकाकडं बघत उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं नाही. मला वाटलं, ऊन लागलं.

पंक्चरचे एकशे चाळीस झाले. मी दीडशे दिले, दहाचं नाणं परत आलं. ते मी शर्टाच्या खिशात टाकलं. हे नाणं लक्षात ठेवा.

खाणावळीत सुरमई खाऊन साळावचा पूल ओलांडला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मुरूडचं जेवण गेलं, अडीचची फेरीबोट गेली. "आता निदान कोर्लईचा दीपगृह बघू," मी म्हटलं, आणि त्यानं, कधी नव्हे ते, ऐकलं.

कोर्लई गावातला रस्ता गाडीपेक्षा दोन बोटं रुंद. मध्यावर एक बाई एका पोराला ओरडत होती. पोरगं सुकत घातलेल्या मासळीवरून सायकल घेऊन गेलं असावं. हे भाषेवरून नव्हे, सायकलवरून कळत होतं. कारण भाषा एक अक्षर कळेना. मराठी नाही, कोंकणी नाही, हिंदी तर नाहीच. मग तिचं लक्ष आमच्याकडं गेलं आणि ती स्वच्छ इथल्या मराठीत म्हणाली, "गाडी जरा मागं घ्या ओ दादा, नायतर दोघांची पन अडचन."

मी न राहवून विचारलं, "ताई, आत्ता बोललात ती कुठली भाषा?"

"आमची," ती म्हणाली.

मला वाटलं, उत्तर टाळते आहे. पण ते खरंच त्या भाषेचं नाव निघालं. नौ लिंग, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज चौलला आले ते १५२१ च्या सुमाराला. १७४० साली मराठ्यांनी ते ठाणं घेतलं आणि पोर्तुगीज निघून गेले. ही माणसं मात्र राहिली आणि त्यांच्या तोंडात ती भाषा राहिली. जाणारे भाषा न्यायला विसरले म्हणा. आज हजारएक माणसं ती बोलतात, बहुतेक या एका गावात. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली आहेत. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची मांडणी हळूहळू मराठीसारखी झाली; क्रियापद आपलं शेवटी. इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर तेवढं व्हायचंच.

"पण मुंबईला गेलेल्यांचं काय?" वेळापत्रकानं एकदम विचारलं. "ती विसरत नाहीत?"

"कशाला विसरतील? रोज फोन असतो की. फोनवर काय मराठी बोलनार आईसंगती?"

तिनं आम्हाला पाणी दिलं. पोरानं सायकलची घंटी वाजवून दाखवली.

दीपगृहापाशी गाडी लावून पायऱ्या चढून आम्ही किल्ल्यावर गेलो. कोर्लईचा किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबलचक डोंगरसोंड. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, मध्ये तटबंदी, मोडकं चर्च आणि गंजलेल्या तोफा. वाऱ्यानं माझी टोपी दोनदा उडाली. वेळापत्रक एका तोफेवर बसला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "सव्वापाच."

"मग?"

"जागा चुकली. पण वेळ बरोबर आहे." त्यानं घसा खाकरला. "मी परीक्षा दिली. पास झालो. जोरहाट, आसाम. एक मार्चला हजर व्हायचंय."

मी म्हटलं, "कसली परीक्षा?" बावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर माहीत असतं.

दिवाळीपासून तो संध्याकाळी कंबरेच्या व्यायामाला जात होता. मीच त्याला सांगितलं होतं, की रोज जा, अंगावर काढू नकोस. मीच त्याची उरलेली पासबुकं भरून दिली होती. आणि हा तिकडं रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं पाठ करत बसला होता! थोरलीची इंजिनिअरिंगची फी आहे, असं तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "फीचं कसंही झालं असतं. आपलं अठ्ठेचाळिसावं चालू आहे. मला त्या काउंटरपलीकडचं बघायचं होतं रे एकदा. तुला सांगितलं असतं, तर तू चेष्टा केली असतीस आणि मी फॉर्म भरला नसता."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी उठून तटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. समोर खाडीपलीकडं रेवदंडा दिसत होतं. माझ्या हातात अजून तो कागद होता. मी टाचणी काढली.

'५.१५ ते ५.३० किरकोळ. ५.३० ते ५.५० तो बोलणार नाही (राखीव). ५.५० चहा. ६.३५ सूर्यास्त.'

माझ्या रागाला त्यानं वीस मिनिटं दिली होती! मी ठरवलं, काही झालं तरी साडेसहापर्यंत बोलायचं नाही. पाच-पंचावन्नला तो चुळबुळ करू लागला. सहाला त्यानं घड्याळ कानाला लावून पाहिलं. सहा-दहाला माझी टोपी तिसऱ्यांदा उडाली आणि थेट त्याच्या पायाशी जाऊन पडली. ती मागण्यासाठी बोलणं भाग होतं.

"आसामात थंडी असते," मी म्हटलं. "तुझ्याकडं स्वेटर एकच आहे."

"घ्यायचाय," तो म्हणाला.

अंधार पडता पडता दीपगृहाचा दिवा लागला आणि आम्ही उतरलो. हरिहरेश्वरच्या खोलीचे आगाऊ दिलेले बाराशे बुडाले, याबद्दल तो चक्क काही बोलला नाही. परत अलिबागकडं येताना चौलच्या पुढं एका शेतात जाळ दिसला आणि ओव्याचा वास आला. पोपटी लागली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आम्ही नुसते गाडी थांबवून बघत होतो, तर त्या मंडळींनी हाक मारून बसवून घेतलं. "किती वेळ लागेल?" असं वेळापत्रकानं विचारलंच. एक आजोबा म्हणाले, "होईल तवा होईल." मागं त्यांची वाडी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिच्या पोफळी आडव्या झालेल्या. नवी रोपं आता कुठं पुरुषभर उंच झाली होती. सुपारी धरायला अजून काही वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या सुरात तक्रार नव्हती, फक्त हिशेब होता. शेंगा सोलताना बोटं भाजली. मी इतक्या शेंगा आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या.

रात्री अलिबागेत एक साधी खोली मिळाली. तिथं त्यानं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला गणित मांडलं. "उद्या बीज. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. चालत जाता येईल. तारीख अकरा," तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हे मी लक्षातच घेतलेलं नाही."

मग तो दिवसाचा हिशेब करायला बसला. पेट्रोल, टोल, मिसळ, पंक्चर, सुरमई, खोली. बेरीज झाली, आणि दहा रुपये कमी आले. पुन्हा केली. पुन्हा दहा कमी. रोकड जुळली नाही की घरी जायचं नाही, हा आमचा नियम; तेव्हा दोघं पलंगावर मांडी घालून बसलो आणि सकाळी सातपासूनचा सगळा रस्ता एकेका रुपयानं पुन्हा चालून आलो. वडखळ, इस्राएल आळी, कोळीबाबा, घोडा. मध्येच तो हसायचा, मध्येच मी. परीक्षेत काय काय विचारलं ते त्यानं सांगितलं. त्याच्या काउंटरवर आता कुणाला बसवतील यावर अर्धा तास गेला; एकही नाव आम्हाला पसंत पडलं नाही.

पाऊण वाजता त्यानं जांभई दिली. "जाऊ दे. दहा रुपये किरकोळमध्ये टाक."

"छे!" मी म्हटलं. "असं कसं? बावीस वर्षांत आपण असं कधी केलंय? पुन्हा पहिल्यापासून घे."

आणि मी शर्टाचा खिसा हातानं नीट दाबून, नाणं वाजणार नाही अशा बेतानं, पेन्सिल उचलली.